खिडकीतलं फडकं

पिएत्राफोर्का, मोलीझे
२३ फेब्रुवारी २००३

चि. सौ. एर्सिलियास, दादाचे अ. आ.

परवा फोनवर मी ओरडलो आणि तू फोन आपटलास. साठी आली तरी तुझी आपटायची सवय गेली नाही. लहानपणी दार आपटायचीस, आता फोन. तुझी लोरेतावहिनी म्हणाली, यापुढे तुम्ही दोघं बहीणभाऊ पत्रंच लिहा, पत्र आपटलं तरी आवाज होत नाही. तेव्हा हे पत्र.

पंधरा तारखेला आम्ही रोमला युद्धविरोधी मोर्चाला गेलो होतो. गावातून दोन बसगाड्या भरल्या. बारवाला तुल्लियो, ज्याने लग्नानंतर चर्चची पायरी चढली नाही, तो दोन्ही नन बायकांच्या मधे बसून आला आणि डॉन उबाल्दो फादरनी त्याच्या पिशवीतली अर्धी वाइन संपवली. माणसं एवढी की तीन तासांत आम्ही जेमतेम एक रस्ता ओलांडला. माझे गुडघे अजून दुखताहेत, पण मन भरलं. आता गल्लीत जितक्या बाल्कन्या तितके झेंडे आहेत, सात रंगांचे, मधे एकच शब्द: शांती. आपल्या घरालाही वहिनीने बांधलाय. तुला फोनवर तेच सांगत होतो, तर तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

अगं, मी तुझ्या देशाला शिव्या देत नाही. मला तुझ्या पोराची काळजी आहे. बाबांना रशियात धाडलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि तू आईच्या पोटात. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि परत आली ती 'बेपत्ता' असं लिहिलेली चिठ्ठी. त्यांचंच नाव तू डोनाटोला ठेवलंस. तो महिन्यातून दोन दिवस कवायत करायची एवढंच म्हणून राखीव फौजेत गेला होता ना? मग तेवढंच करू दे. बोलावणं आलं तर पाय मोडून घे म्हणावं. मी स्टेशनवर चाळीस वर्षं काढली, पाय कसा मोडायचा ते मी शिकवतो.

मेहुणे वॉल्टरना नमस्कार सांग, माझी भाषा कळत नसली तरी. राग गिळून उत्तर लिही.

तुझा, ओरडणारा, ओरेस्तेदादा


कोल्टन, पेनसिल्व्हानिया
१६ मार्च २००३

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पाय मोडायचं शिकवायला तुला उशीर झाला. डोनाटोला बोलावणं आलं, आणि तो गेलासुद्धा. सामानाचे ट्रक चालवायचं काम आहे म्हणे, पुढे लढायला जायचं नाही. मी त्याला विचारलं की तुला जायचं आहे का. तो म्हणाला की आई, बाकीची पोरं जाताहेत आणि मी काय घरी बसून तुझ्या हातच्या शेवया खाऊ? तीस वर्षांचा घोडा झालाय, पण बॅग भरताना मला हाक मारून विचारत होता की मोजे कुठे ठेवलेस.

दादा, तुला इथलं काही कळत नाही, आणि तुझा दोषही नाही. तुम्हा लोकांना युद्ध म्हटलं की डोक्यावर पडलेलं छप्पर आठवतं. आई आपल्याला घेऊन गुहेत राहिली होती ते तू मला शंभरदा सांगितलंस. इथे कुणाच्या घरावर कधी काही पडलंच नाही. इथे युद्ध लांब असतं. पोरं जातात, बँड वाजतो, पोरं परत येतात. आणि ते मनोरे पडले तेव्हापासून सगळे भेदरलेत रे. शेजारच्या मिसेस हॅरिगनचा भाचा त्यात गेला. ती माझ्या दारात येऊन म्हणते की तुमचा डोनाटो आमची राखण करतोय, तेव्हा मी तिला तुझ्या बाल्कनीबद्दल सांगू?

हसू नकोस, पण इथल्या खानावळीत तळलेल्या बटाट्याला आता 'फ्रेंच' म्हणायचं नाही, कारण फ्रान्सवाले युद्धाला येत नाहीत. सगळं गाव सभा घेतल्यासारखं एकमताचं आहे. चर्चच्या बायकांनी मला एक फडकं आणून दिलं, पांढरं, लाल किनारीचं, मधोमध निळा तारा. ज्या घरचा मुलगा फौजेत कामावर आहे त्या घराने ते रस्त्याकडच्या खिडकीत लावायचं. मी लावलं. येता जाता लोक टोपी काढतात. मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

एकच मागते. तू त्या झेंड्याखाली उभा राहून बोलतोस तेव्हा माझ्या पोराचं नाव घेऊ नकोस. तो तिकडे आहे तोवर ते युद्ध बरोबरच आहे, माझ्यापुरतं. नाहीतर मी झोपू कशी?

वहिनीला प्रेम. आणि तू रागावलास तरी चालेल, पण अबोला धरू नकोस.

तुझी धाकटी, एर्सिलिया


पिएत्राफोर्का
५ एप्रिल २००३

चि. एर्सिलियास, अनेक आ.

सुरू झालं एकदाचं. टीव्हीवर हिरव्या उजेडात ते शहर जळताना बघतो आणि उठून टीव्ही बंद करतो. गावात युद्धाच्या बाजूचा माणूस दिवा घेऊन शोधावा लागेल. एक आहे, औषधवाला, त्याच्याकडे आता लोक खोकल्याची बाटलीसुद्धा घेत नाहीत, शेजारच्या गावाला जातात. मला ते काही पटत नाही, खोकला तो खोकला. पण तुमच्याकडे बटाटा बाटला, तर आमच्याकडे खोकल्याचं औषध बाटलं म्हणायचं.

तुझ्या ताऱ्याची गोष्ट मी बारमध्ये सांगितली. (डोनाटोचं नाव घेतो, पण झेंड्याखाली नाही, बारमध्ये. तेवढं चालेल ना?) तुल्लियो विचारत होता, शिपायाला निळा, तर हवालदाराला कोणता रंग आणि सेनापतीला कोणता? पुढच्या पत्रात कळव, इथे पैज लागली आहे.

थट्टा पुरे. हे युद्ध खोटं आहे, बाये. खोट्या कारणासाठी पोरं मरतात तेव्हा त्यांचं मरण फुकट जातं, मग वर कितीही बँड वाजवा. हे मी तुला लिहिणारच, तू कान झाकलेस तरी. आणि एक सांगून ठेवतो, हे संपेस्तोवर मी त्या देशात पाऊल टाकणार नाही. तू इतकी वर्षं बोलावतेस, आता तर मुळीच नाही. पण तो पोरगा सुखरूप आला की त्याला इकडे पाठव, वहिनी त्याला महिनाभर खायला घालेल.

रोज संध्याकाळी चर्चमध्ये त्याच्यासाठी मेणबत्ती लावतो. मी! वहिनीचा विश्वास बसत नाही.

तुझा, ओरेस्तेदादा


कोल्टन
२२ जून २००३

ती. दादास, सा. न. वि. वि.

ताऱ्याच्या रंगावर पैजा लावता तुम्ही लोक, लाज नाही वाटत? महिनाभर मी तुला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण मला बोलायला दुसरं कुणी नाही.

इथे युद्ध संपलं. मे महिन्यात तसं टीव्हीवर जाहीर झालं, गावात बँड वाजला, मिसेस हॅरिगनने केक आणला. डोनाटो ऑक्टोबरात येणार म्हणून वॉल्टर त्याची खोली रंगवताहेत. सगळे माझं अभिनंदन करतात.

आणि डोनाटोचं पत्र आलं. वडलांना दाखवू नकोस असं वर लिहिलं होतं. तो लिहितो की आधी रस्त्यावरची मुलं हात हलवायची, आता दगड मारतात. त्यांच्या ट्रकना चिलखती पत्रे नाहीत, दारांना आतून वाळूच्या पिशव्या बांधून चालवतात. पुढे वाक्य आहे, आई, आम्ही इथे कशाला आलो ते मला आता कुणी नीट सांगत नाही. मी ते पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलंय. चर्चमध्ये एकीला नुसतं म्हणाले की माझ्या मुलाला तिथे बरं वाटत नाही. तिने मला मिठी मारली आणि दुसरंच बोलायला लागली. दादा, त्या मिठ्या फार वाईट असतात. तोंड बंद करतात.

तू याच्यावर भाषण लिहून पाठवू नकोस. नुसतं वाच आणि मेणबत्ती लाव, दोन लाव.

तुझी, एर्सिलिया


पिएत्राफोर्का
८ जुलै २००३

चि. एर्सिलियास, खूप खूप आ.

भाषण नाही. दोन लावतो.

वहिनीने डोनाटोला खारी कडबोळी पाठवलीत, बडीशेप घातलेली, त्याला आवडतात तशी. पत्ता तू दिलास तसाच लिहिला, नुसते आकडे आणि अक्षरं, गाव नाही की गल्ली नाही. पोस्टातली मुलगी विचारत होती की हे कुठे जाणार. मी म्हटलं, माझ्या भाच्याकडे.

ऑक्टोबर लांब नाही गं. धीर धर.

दादा


कोल्टन
९ सप्टेंबर २००३

दादा,

फोटो पाठवते आहे. खिडकी बघ. तुला कळेल. वेगळं काही लिहीत नाही.

एर्सिलिया


पिएत्राफोर्का
२४ सप्टेंबर २००३

चि. सौ. एर्सिलियास आणि वॉल्टरना अ. आ. आणि अभिनंदन!

बघितली खिडकी! निळ्याचा सोनेरी झाला की! अगं, दोन ओळी लिहायला काय हात मोडला होता? नमस्कार नाही, काही नाही, नुसतं 'खिडकी बघ'. आपल्या पोराला बढती मिळाली हे सांगताना मला असा ठेंगा दाखवायचा? दाखव, दाखव, तुझा हक्क आहे. तुल्लियो पैज हरला, तो लाल म्हणाला होता.

मी फोटो घेऊन तडक बारमध्ये गेलो. सगळ्यांना माझ्याकडून एकेक पेला दिला. मोर्चाला आलेलेच सगळे, पण एकानेही तोंड वाकडं केलं नाही. डॉन उबाल्दो म्हणाले की युद्ध ते युद्ध आणि पोरगा तो पोरगा, आणि त्यांनीही पेला उचलला. सोनेरी म्हणजे सार्जंट की त्याहून वरचा? फोटोत तू पडद्यामागे उभी दिसतेस, हसली असतीस तर काय बिघडलं असतं?

आता अधिकारी झाला तर ट्रकवर बसवणार नाहीत, कचेरीत बसवतील. मला त्याचाच आनंद आहे, बाकी तुमच्या फौजेचं मला कौतुक नाही. वहिनी कडबोळ्यांचा दुसरा डबा भरते आहे.

आनंदात, तुझा दादा


कोल्टन
६ ऑक्टोबर २००३

ती. दादास,

तुझं पत्र वॉल्टरनी पेटीतून काढून आणलं. पाकिटावर तू फुगा काढला होतास.

सोनेरी तारा म्हणजे बढती नाही. मुलगा गेला की निळ्यावर सोनेरी शिवतात. इथे शाळेतल्या पोराला कळतं. छत्तीस वर्षं मी इथे राहिले, मला वाटलं सगळ्या जगाला कळत असेल. मला हाताने ते शब्द लिहायचे नव्हते, म्हणून फोटो काढून घेतला. चूक माझी आहे, तुझी नाही. तरी तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुझा तिरस्कार केला, हे सांगून टाकते.

सत्तावीस ऑगस्टला गेला. रस्त्यात पुरलेला बॉम्ब होता. आठ सप्टेंबरला, सोमवारी, आम्ही त्याला पुरलं. शवपेटी उघडू नका म्हणाले, मी उघडायला लावली नाही. सगळं गाव झेंडे घेऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं होतं, शाळेला सुट्टी दिली होती. लोक फार चांगले वागले. अजूनही वागतात. रोज कुणीतरी जेवण आणून ठेवतं.

दादा, तू ये. त्या देशात पाय टाकणार नाही म्हणालास ते मला पाठ आहे, तरी ये. दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस, त्या दिवशी त्याच्या कबरीवर आपल्या घरचं कुणीतरी हवं. आणि मला तुझी गरज आहे, तुझीच. का ते आलास की सांगेन. फोन करू नकोस, तुझा आवाज ऐकला तर मी उभी राहू शकणार नाही.

एर्सिलिया


पिएत्राफोर्का
१७ ऑक्टोबर २००३

माझ्या लाडक्या बाये,

तू नको म्हणालीस तरी मी फोन केला. वॉल्टरनी उचलला. त्यांना माझी भाषा येत नाही, मला त्यांची. मी डोनाटो म्हटलं, ते डोनाटो म्हणाले. मग दोघेही फोन धरून रडत राहिलो, बराच वेळ.

ज्यांनी माझ्या हातचा पेला घेतला त्या प्रत्येकाच्या दारी जाऊन मी खरं सांगून आलो. तेवीस घरं. तुल्लियोने बार दोन दिवस बंद ठेवला. झेंडा काढायला मी बाल्कनीत गेलो, पण हात उचलेना. तू सांगशील तसं करू.

मला माफ कर असं लिहिणार होतो, पण तो शब्द फार लहान वाटतो. पासपोर्टाला अर्ज दिलाय. मी येतोय. तू जे मागशील ते तुझा दादा देईल, एवढं नक्की.

ओरेस्ते


कोल्टन
३ नोव्हेंबर २००३

प्रिय लोरेता,

मी पोचलो, तब्येत बरी आहे, गोळ्या घेतो आहे. विमानात शेजारच्या बाईचा हात धरून बसलो होतो, ती तुला सांगायची गोष्ट नंतर सांगेन.

वॉल्टर घ्यायला आले होते. गाडीतून गावात शिरलो आणि मला रडूच फुटलं. प्रत्येक घराच्या पायरीवर शेवंतीच्या कुंड्या, पिवळी, तांबडी, ढीगच्या ढीग. तू शेवंती घराच्या उंबऱ्याआत येऊ देत नाहीस, कबरीशिवाय ती कुठे ठेवतात? मला वाटलं, अख्खं गाव अजून आपल्या डोनाटोसाठी सुतकात आहे. घरात शिरल्या शिरल्या एर्सिलियाला मिठी मारून तेच म्हणालो. तिने मला खुर्चीवर बसवलं. मग म्हणाली की दादा, इथे हिवाळ्याआधी सगळेच शोभेला शेवंती ठेवतात, भोपळ्यांच्या शेजारी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा तेच केलं मी.

ती निम्मी झाली आहे. वॉल्टर बोलत नाहीत, सारखं काहीतरी दुरुस्त करत असतात, चांगल्या बिजागऱ्या काढून पुन्हा बसवतात. आणि लोरेता, इथली माणसं वाईट नाहीत. मी इतके महिने ज्यांच्या नावाने बोटं मोडली, ती दारात येतात, रस्सा आणतात, माझा म्हाताऱ्याचा हात दोन्ही हातांत धरतात. म्हणतात की तो आम्हा सगळ्यांच्या स्वातंत्र्यासाठी गेला. एर्सिलिया मला अर्थ सांगते, आणि मान हलवते. त्यांना तसं खरंच वाटतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी असतं. त्यांच्यावर रागावायचं कसं, मला कळेना.

काल सकाळी कबरीवर गेलो. तू दिलेली मेणबत्ती लावली, वाऱ्याने तीनदा विझली. मिसेस हॅरिगन आली होती, तिने छोटा झेंडा रोवला. एर्सिलिया रडली नाही.

दुपारी वॉल्टर बाहेर गेले तेव्हा स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो, बटाटे सोलत. तिने सुरी खाली ठेवली आणि मला बोलावलं कशाला ते सांगितलं. म्हणाली की दोन महिने झाले, या गावात एकही माणूस मला खरं बोलू देत नाही. मी तोंड उघडलं की मिठी मारतात. नवरा उठून जातो. माझ्या पोराने लिहिलं होतं की आम्ही कशाला आलो ते कळत नाही, ते पत्र मी कुणाला दाखवू? मला ओरडायचं आहे, आणि एकटीला ओरडता येत नाही, कुणीतरी आधी म्हणावं लागतं. दादा, तू म्हण. माझं पोर फुकट गेलं असं तू माझ्या तोंडावर म्हण. जगात तू एकटा आहेस जो म्हणेल. मी तुला समुद्रापलीकडून यासाठी आणलं.

लोरेता, तुला माझी जीभ माहीत आहे. बारमध्ये, मोर्चात, पत्रांत मी हेच बरळत आलो. जे मागेल ते देईन असं लिहूनही बसलो होतो. आणि तिचा तो चेहरा समोर, भिंतीवर पोराचा फोटो. मी म्हणालो की नाही गं, तो शूर होता, तो लोकांच्या स्वातंत्र्यासाठी गेला, त्याचं मरण वाया नाही. मिसेस हॅरिगनचं वाक्य, आपल्या गावच्या बोलीत. मला वाटलं मी तिच्यावर दया करतोय. तिच्यावर नव्हती ती, माझ्यावरच होती. मला घाबरायला झालं होतं.

तिने सुरी उचलली. मग म्हणाली की मग तू आलास कशाला, असं म्हणणारे इथे कमी होते का. आणि परत बटाटे सोलायला लागली.

रात्रभर विचार करून आज पहाटे ठरवलं की जाऊन तिला खरं बोलायचं, जे होईल ते होवो. मी गेलो, तिच्यासमोर बसलो, आणि बोललो. सगळं बोललो. तिने माझ्यासमोर कॉफी ठेवली, खांद्यावर थोपटलं आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाली, जसं ती दारात येणाऱ्यांना म्हणते तसं, गोड आवाजात. मी म्हटलं, एर्सिलिया, मला कळत नाही. ती पुन्हा तसंच बोलली.

सकाळपासून ती माझ्याशी इंग्रजीतच बोलते आहे.

तुझा, ओरेस्ते